लुईव्हिल स्लगर : कातार्‍याच्या दुकानातून निघालेली बॅट

मागील अंकात क्रिकेटच्या बॅटला लागणाऱ्या विलोच्या लाकडाविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात अमेरिकेतील ‘लुईव्हिल स्लगर’ या बेसबॉलच्या बॅटचा ओझरता उल्लेख होता. त्यावर आलेली पत्रे पाहता या बॅटविषयी आणि ती बनवणाऱ्या हिलरिच अँड ब्रॅड्सबी या जुन्या कंपनीविषयी वाचकांना बरेच कुतूहल आहे असे दिसते. म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

प्रश्न : एका खेळाडूची बॅट सामन्यात मोडली आणि त्यातून लुईव्हिल स्लगरचा जन्म झाला, असे वाचले आहे. ही हकिकत खरी आहे का? आणि ही कंपनी पहिल्यापासून खेळाचे सामान बनवत होती का? – एक वाचक, नाशिक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावाचून पहिली हकिकत नीट कळत नाही. कंपनीचा खेळाशी मुळात काहीही संबंध नव्हता. जर्मनीतून लहानपणी कुटुंबासह अमेरिकेत आलेल्या जे. फ्रेडरिक हिलरिच यांनी १८५० च्या दशकात केंटकी राज्यातील लुईव्हिल या ओहायो नदीकाठच्या शहरात लाकूड कातण्याचे दुकान काढले. जिन्याचे कठडे, पलंगाचे खांब अशा वस्तू तिथे लेथवर कातून निघत. पुढे लोणी काढण्याचे झुलते पीप हा त्यांचा चांगला खपणारा माल ठरला आणि दुकानाची भरभराट प्रामुख्याने त्यावर झाली.

आता बॅटची हकिकत. कंपनीच्या परंपरेनुसार १८८४ साली फ्रेडरिक यांचा मुलगा जॉन अँड्र्यू, ज्याला सगळे ‘बड’ म्हणत, दुकानातून निघून सामना पाहायला गेला. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता, दुकानात उमेदवारी करत होता आणि स्वतः हौशी बेसबॉल खेळत होता. लुईव्हिल एक्लिप्स या संघाचा नामवंत फलंदाज पीट ब्राउनिंग त्या दिवसांत चाचपडत होता आणि त्या सामन्यात त्याची बॅट मोडली. बडने त्याला दुकानात नेले, अ‍ॅश या झाडाचे लाकूड निवडले आणि ब्राउनिंगला मधूनमधून घुमवून पाहायला देत त्याच्या पसंतीची बॅट कातून दिली. दुसऱ्या दिवशी ब्राउनिंगने तीन हिट (चेंडू मारून निदान पहिला टप्पा सुखरूप गाठणे म्हणजे हिट) मारले आणि इतर खेळाडू दुकानात येऊ लागले.

या हकिकतीतील माणसे खरी आहेत. ब्राउनिंग हा त्या काळचा मोठा फलंदाज होता. त्याची कारकिर्दीची सरासरी .३४१ आहे, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३४१ हिट, आणि ती बेसबॉलच्या इतिहासातील उत्तम सरासर्‍यांपैकी एक आहे. बॅटच्या बाबतीत तो विलक्षण हळवा होता. तो आपल्या बॅटींना नावे देत असे आणि एका बॅटमध्ये ठरावीकच हिट असतात अशी त्याची समजूत होती. असा माणूस कातार्‍याशेजारी उभा राहून बॅट घडवून घेईल, हे अगदी पटण्यासारखे आहे.

तरीही ही घटना जशी सांगितली जाते तशीच घडली, असे ठामपणे म्हणता येत नाही. बड हिलरिचच्या हयातीतच छापून आलेल्या एका जुन्या हकिकतीत पहिली बॅट ब्राउनिंगसाठी नव्हे, तर सेंट लुईसच्या आर्ली लॅथम या खेळाडूसाठी कातली, असे आहे. आणखी एका कथेत गस वेइंग या पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचे, नाव येते. ब्राउनिंगची कथा ठळकपणे पुढे आली ती बऱ्याच वर्षांनी, कंपनी प्रसिद्ध झाल्यावर. १८८० च्या दशकाच्या मध्यास बडने लुईव्हिलमध्ये व्यावसायिक खेळाडूंसाठी बॅटी कातायला सुरुवात केली, एवढे निश्चित धरावे आणि नेमक्या खेळाडूचा प्रश्न मोकळा ठेवावा, असे मला वाटते.

या सार्‍यात वडिलांची भूमिका मला अधिक बोलकी वाटते. फ्रेडरिक यांना हा धंदा मुळीच आवडला नव्हता. बेसबॉल हा तेव्हा प्रतिष्ठितांचा खेळ मानला जात नसे, आणि लोण्याची पिपे हातोहात खपत असताना खेळाडूंच्या लहरी सांभाळत एकेक दांडा कातण्यात त्यांना अर्थ दिसत नव्हता. काही काळ त्यांनी बॅट मागायला आलेल्या खेळाडूंना परतही पाठवले. बड मात्र चिकाटीचा निघाला. लेथवर लाकूड नेमके मध्यावर धरणारी एक युक्ती आणि लाकूड घासण्याचे एक स्वयंचलित यंत्र त्याने तयार केले, आणि बॅटीचे काम दुकानाला परवडेल असे करून दाखवले. आरंभी ही बॅट ‘फॉल्स सिटी स्लगर’ या नावाने विकली जाई, कारण ओहायो नदीच्या धबधब्यांवरून शहराला तसे टोपणनाव होते. १८९४ साली ‘लुईव्हिल स्लगर’ हे नाव नोंदवले गेले आणि १८९७ साली बड वडिलांचा भागीदार झाला. दुकानाची पाटी ‘जे. एफ. हिलरिच अँड सन’ अशी झाली.

प्रश्न : आमच्याकडे लाकडी खेळणी लेथवर कातली जातात, त्यामुळे विचारतो. या बॅटीसाठी लाकूड कोणते वापरतात, आणि ती हाताने कातली जाते की यंत्राने? – एक वाचक, सावंतवाडी

आपल्याला हे काम जवळून माहीत असल्याने थोडे सविस्तर लिहितो. अगदी आरंभी खेळाडू हिकरीसारखे जड लाकूडही वापरत, पण विसाव्या शतकातील बहुतेक काळ या बॅटीचे लाकूड म्हणजे उत्तर अमेरिकेतील पांढरा अ‍ॅश. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क या राज्यांच्या सीमेवरील डोंगराळ जंगलांतला अ‍ॅश सर्वोत्तम समजला जातो, कारण तिथे झाड सावकाश आणि सरळ वाढते. लाकडाचा पुरवठा हाती राहावा म्हणून कंपनीने १९५४ साली पेनसिल्व्हेनियातील एक लाकूड कंपनीच विकत घेतली.

ओंडक्यापासून आधी सुमारे ३७ इंच लांब आणि जाडीला तीन इंचांहून किंचित कमी असे गोल दांडके काढतात. ते वाळवावे लागते. पूर्वी ते महिनोन्महिने उघड्या हवेत रचून ठेवत, आता भट्टीत वाळवतात. त्यानंतरचा टप्पा बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही : प्रत्येक दांडक्याचे वजन होते आणि त्यानुसार त्याची वर्गवारी होते. आकार एकच असला तरी हलक्या दांडक्यातून हलकी बॅट निघते आणि जड दांडक्यातून जड. आजच्या व्यावसायिक खेळाडूला साधारण ३४ इंच लांबीची आणि ९०० ग्रॅमच्या आसपास वजनाची बॅट हवी असते, तर जुना नामवंत फलंदाज बेब रूथ ११०० ग्रॅमहून अधिक वजनाच्या बॅटी घुमवत असे. एखाद्या खेळाडूने आकार आणि वजन दोन्ही ठरवून दिले की त्या मापात बसणारे दांडके निवडणे हेच निम्मे काम असते.

हाताने कातायचे तेव्हा कातारी शेजारी नमुन्याची बॅट टांगून ठेवत असे. ठरावीक अंतरावर कॅलिपरने नमुन्याची जाडी घ्यायची, तीच जाडी फिरत्या लाकडावर उतरवायची आणि मग मधला भाग पटाशीने जुळवत न्यायचा, अशी ती पद्धत. एका बॅटीला कुशल कातार्‍याचीही पंधरा-वीस मिनिटे सहज जात. पुढे नमुन्यावरून फिरणाऱ्या काट्याच्या आधारे कातणारे लेथ आले आणि आता संगणकावर चालणारे यंत्र एका मिनिटाच्या आत बॅट कातते. शेवटी तापवलेल्या ठशाने शिक्का डागला जातो. मग दोन्ही टोकांचे बुंधे कापून घासतात आणि बॅट रंगात किंवा लाखेत बुडवतात. शहरातील कारखान्याला जोडून कंपनीचे संग्रहालय आहे. तिथे हे काम काही फुटांवरून पाहता येते, लाकडाचा भुसा अंगावर उडतो, आणि बाहेर पडताना प्रत्येक पाहुण्याच्या हाती एक लहानशी बॅट दिली जाते. कातकाम कळणाऱ्या माणसाने अमेरिकेत गेल्यास ते जरूर पाहावे.

लाकडाच्या बाबतीत गेल्या पंचवीस वर्षांत मोठी उलथापालथ झाली आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओटावा येथील सॅम हॉलमन या सुताराने मेपल या झाडाच्या लाकडाच्या बॅटी बनवल्या आणि २००१ साली बॅरी बाँड्सने तशाच बॅटींनी एका हंगामात ७३ होम रनचा (एकाच फटक्यावर पूर्ण फेरी मारून धाव घेणे म्हणजे होम रन) विक्रम केला. त्यानंतर खेळाडूंचा ओढा मेपलकडे वळला. अ‍ॅशच्या लाकडात वाढीच्या वलयांवर सच्छिद्र थर असतात. वारंवार मार खाऊन त्याचे पापुद्रे सुटतात, पण बॅट निकामी होण्याआधी ते दिसते. मेपल घट्ट आणि कडक असते, त्याचे पापुद्रे सुटत नाहीत, मात्र ते मोडते तेव्हा मोठे टोकदार तुकडे उडतात. २००८ साली असे तुकडे मैदानात आणि प्रेक्षकांत जाऊ लागल्यावर मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगने, अमेरिकी वनखात्याच्या प्रयोगशाळेकडून तपासणी करवून घेतली. दोष प्रामुख्याने लाकडाच्या तिरक्या तंतूंचा होता. मेपलमध्ये तंतूंची दिशा डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून मुठीवर शाईचा एक ठिपका देण्याचा नियम झाला. शाई तंतूंच्या दिशेने पसरते आणि ती रेघ बॅटच्या अक्षापासून तीन अंशांपेक्षा अधिक कललेली असेल तर ती बॅट बाद होते. व्यावसायिक खेळाडूच्या मेपलच्या बॅटीवर मुठीच्या वर जो काळा ठिपका दिसतो तो हाच. हा नियम आल्यानंतर तुकडे होऊन मोडणाऱ्या बॅटींचे प्रमाण लक्षणीय घटले.

अ‍ॅशवर दुसरे संकट एका किड्याचे आले. आशियातून आलेला हिरवा चमकदार भुंगा २००२ साली मिशिगनमध्ये आढळला. त्याच्या अळ्या सालीखालचा जिवंत थर पोखरतात आणि झाड काही वर्षांत वाळते. अ‍ॅशची कोट्यवधी झाडे त्याने संपवली आहेत आणि आज मेजर लीगमध्ये अ‍ॅशची बॅट वापरणारे खेळाडू अगदी मोजके उरले आहेत. ज्या लाकडावर ही कंपनी उभी राहिली ते जंगलातूनच नाहीसे होत आहे, याची मला मनापासून हळहळ वाटते.

प्रश्न : मग बेसबॉलसाठी विलो का वापरत नाहीत? – एक वाचक, ठाणे

कारण दोन्ही बॅटींची रचनाच निराळी आहे. क्रिकेटच्या बॅटीचे पाते रुंद आणि सपाट असते, मूठ वेताची असून ती पात्यात पाचरीसारखी बसवलेली असते, आणि विलोचे मऊ तंतू दाबून घट्ट करता येतात. बेसबॉलची बॅट टोकापासून मुठीपर्यंत एकाच लाकडाची असते. मुठीपाशी ती जेमतेम इंचभर जाडीची होते आणि ताशी १४५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने आलेल्या चेंडूचा सगळा हिसका तिथे येतो. विलो तिथे टिकणार नाही. नियमाप्रमाणे व्यावसायिक बॅटीची जाडी कुठेही २.६१ इंचांपेक्षा जास्त नको आणि लांबी ४२ इंचांपेक्षा जास्त नको. १८९३ पूर्वी एका बाजूने सपाट बॅट चालत असे, ती त्या वर्षी बंद झाली.

प्रश्न : या बॅटींवर खेळाडूंच्या सह्या असतात त्या कधीपासून? त्या जाहिरातीपुरत्या असतात की तो खेळाडू खरोखर तीच बॅट वापरत असतो? बॅटीवर ‘सी२७१’ यासारखे आकडे असतात त्यांचा अर्थ काय? – एक वाचक, पुणे

या कंपनीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला याच प्रश्नात दिसतो. तिचे मोठेपण १८८४ च्या त्या एका दिवसात शोधले जाते, पण त्या सुमारास अमेरिकेत बॅटी कातणारे इतरही अनेक होते. हिलरिच त्यांच्यापुढे गेले ते पुढच्या वीस-तीस वर्षांत बसवलेल्या दोन गोष्टींमुळे : खेळाडूची सही, आणि त्याच्या बॅटीची काटेकोर नोंद.

१ सप्टेंबर १९०५ रोजी पिट्सबर्ग पायरेट्सचा होनस वॅग्नर याने आपली सही बॅटीवर डागण्याची परवानगी देणारा करार केला. खेळाचे साहित्य विकण्यासाठी खेळाडूने आपले नाव मोबदला घेऊन द्यावे, याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. पुढच्या काही वर्षांत टाय कॉबसारखे दिग्गजही आले. १९११ साली फ्रँक ब्रॅड्सबी कंपनीत दाखल झाला. तो सेंट लुईसच्या ज्या मोठ्या हार्डवेअर व्यापारी पेढीतून आला होता ती लुईव्हिलच्या बॅटी विकत असे, त्यामुळे माल कुठे आणि कसा खपतो याची त्याला पक्की जाण होती. आपल्या आवडत्या खेळाडूची सही असलेली बॅट दुकानात मिळाली तर शाळकरी मुलगा दुसरी कोणती घेणार नाही, हे त्याने ओळखले. १९१६ साली तो भागीदार झाला आणि कंपनीचे नाव ‘हिलरिच अँड ब्रॅड्सबी’ असे पडले. घडवणारा हिलरिच आणि विकणारा ब्रॅड्सबी अशी ती जोडी होती.

सही असलेली दुकानातली बॅट त्या खेळाडूच्या नमुन्याची असे, पण लाकूड सामान्य दर्जाचे असे. उत्तम लाकूड खेळाडूंसाठी राखलेले असे. आता आकड्यांकडे येतो. एखाद्या खेळाडूसाठी नवा आकार घडला की त्याच्या आडनावाचे आद्याक्षर आणि एक क्रमांक मिळून त्या आकाराचे नाव ठरे. ‘आर४३’ म्हणजे बेब रूथचा नमुना, ‘के५५’ म्हणजे चक क्लाइनचा. आपण विचारलेला ‘सी२७१’ हा होजे कार्डेनालसाठी घडलेला आकार, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या नावाच्या फलंदाजांनी तो वर्षानुवर्षे वापरला. आकार एका खेळाडूच्या नावावर असतो, पण तो कोणालाही मागवता येतो.

याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण ‘पी७२’ आहे. लेस पिंकम हा खालच्या लीगमधला खेळाडू. मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. त्याच्यासाठी कातलेला हा आकार मात्र रॉबिन याउंट, कॅल रिपकन यांच्यासारख्यांनी उचलला आणि न्यूयॉर्क यँकीजच्या डेरेक जीटरने आपली जवळपास सगळी कारकीर्द त्यावर काढली. २०१४ साली जीटर निवृत्त झाला तेव्हा कंपनीने ‘पी७२’ हे नाव त्याच्या सन्मानार्थ निवृत्त केले आणि त्या आकाराला ‘डीजे२’ असे नवे नाव दिले. अज्ञात राहिलेल्या एका खेळाडूच्या हाताला जे बरे वाटले ते पन्नासएक वर्षे मोठमोठ्यांच्या हातात राहिले, कारण कोणीतरी त्याची मापे कार्डावर लिहून जपून ठेवली होती.

खेळाडू किती चोखंदळ असत याचा एक किस्सा बॉस्टनच्या टेड विल्यम्सविषयी सांगितला जातो. १९४१ साली .४०६ ची सरासरी गाठणारा हा फलंदाज लुईव्हिलला कारखान्यात येऊन दांडकी स्वतः निवडत असे आणि एका जुन्या कातार्‍याशी त्याची त्यासाठी खास मैत्री होती. एकदा त्याने मूठ बरोबर लागत नाही म्हणून बॅटी परत पाठवल्या. कारखान्यात कॅलिपर लावून पाहिले तर इंचाच्या हजार भागांपैकी पाच भागांचा फरक निघाला. किस्सा सांगणाऱ्यांनी थोडी भर घातली असेलही, पण तक्रार आली की माप घेऊन पाहायचे आणि नोंदीशी ताडायचे, ही त्या कारखान्याची रीत त्यातून स्पष्ट दिसते.

प्रश्न : आमचा मुलगा इथल्या लीगमध्ये खेळतो. सगळी मुले धातूची बॅट वापरतात. लाकडी बॅट घ्यावी का, आणि व्यावसायिक खेळाडू धातूची बॅट का वापरत नाहीत? – एक वाचक, न्यू जर्सी

अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटी १९७० च्या सुमारास बाजारात आल्या आणि १९७४ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांनी त्यांना मान्यता दिली. कारण मुख्यतः पैशाचे होते. लाकडी बॅट मोडते, धातूची वर्षानुवर्षे टिकते, आणि शाळा-महाविद्यालयांना दरवर्षी डझनांनी बॅटी घेणे परवडत नव्हते. हिलरिच अँड ब्रॅड्सबीनेही काळाची पावले ओळखून धातूच्या बॅटी विकायला घेतल्या आणि पुढे कॅलिफोर्नियात त्यांचा स्वतंत्र कारखाना चालवला. लाकडाच्या कंपनीला हे जड गेले असणार, पण तसे केले नसते तर ती टिकली नसती असे मला वाटते.

धातूची बॅट पोकळ असल्याने चेंडू आपटताच तिची भिंत किंचित आत दबते आणि उसळून परत येते. शिवाय ती हलकी असल्याने अधिक वेगाने फिरते. त्यामुळे चेंडू लाकडी बॅटीपेक्षा अधिक वेगाने निघतो, आणि हा वेग समोर साठ फुटांवर उभ्या असलेल्या पिचरच्या जिवावर बेतू शकतो. २००३ साली मोंटाना राज्यात अशाच एका फटक्याने अठरा वर्षांच्या पिचरचा मृत्यू झाला. २००९ साली तेथील ज्यूरीने बॅट सदोष नसली तरी तिच्या धोक्याची पुरेशी सूचना दिली नव्हती, असे ठरवून हिलरिच अँड ब्रॅड्सबीला साडेआठ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्या काळात नियमही कडक होत गेले. २०११ पासून महाविद्यालयीन खेळात धातूच्या बॅटीची उसळी लाकडाच्या जवळपास असावी असे मानक आले आणि २०१८ पासून लहान मुलांच्या लीगसाठीही तशाच हेतूचे मानक लागू झाले.

मेजर लीगमध्ये मात्र बॅट एकसंध लाकडाचीच लागते आणि या नियमाला आजवर कोणी हात लावलेला नाही. विक्रमांची तुलना आणि खेळाडूंची सुरक्षितता, दोन्ही त्यावर अवलंबून आहेत. क्रिकेटनेही हेच केले. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, इंग्लंडच्या कर्णधाराने चेंडू खराब होत असल्याची तक्रार केली, आणि त्यानंतर पाते लाकडाचेच असावे असा नियम करण्यात आला.

आपल्या मुलाच्या सामन्यांसाठी लीगचा शिक्का असलेली मान्य बॅटच घ्यावी. सरावासाठी मात्र एक लाकडी बॅट जरूर द्यावी. लाकडावर चेंडू चुकीच्या जागी लागला की हाताला लगेच झिणझिण्या येतात आणि चूक समजते. लाकूड अ‍ॅशचे असेल तर शिक्का वरच्या बाजूला ठेवून मारायला शिकवावे, म्हणजे चेंडू तंतूंच्या उभ्या कडेवर लागतो आणि पापुद्रे लवकर सुटत नाहीत. मेपलच्या व्यावसायिक बॅटींवर शिक्क्याची जागा पाव वळसा फिरवलेली असते, कारण त्या लाकडाची बळकट बाजू दुसरी आहे. त्यामुळे शिक्का वर ठेवण्याची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

प्रश्न : ही कंपनी अजूनही हिलरिच कुटुंबाकडेच आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

कंपनी कुटुंबाकडे आहे, पण बॅटीचे नाव आता त्यांच्याकडे नाही. मार्च २०१५ मध्ये हिलरिच अँड ब्रॅड्सबीने लुईव्हिल स्लगर हे नाव सात कोटी डॉलरना विल्सन या मोठ्या क्रीडासाहित्य कंपनीला विकले. लाकडी बॅटी मात्र आजही लुईव्हिलच्याच कारखान्यात हिलरिच अँड ब्रॅड्सबी बनवते, फक्त त्या विल्सनसाठी. संग्रहालयही त्यांच्याकडेच राहिले. विक्रीच्या वेळी कुटुंबाची पाचवी पिढी कारभार पाहत होती. ही वेळ येण्यामागे धातूच्या आणि संमिश्र द्रव्यांच्या बॅटींचा महागडा बाजार होता. तिथे दरवर्षी नवे तंत्र आणावे लागते आणि एका कुटुंबाच्या भांडवलाला ते झेपणे कठीण होते.

त्याआधीही कंपनीवर कठीण प्रसंग आले होते. जानेवारी १९३७ मध्ये ओहायोला आलेल्या महापुरात लुईव्हिल शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि कारखान्याचेही अतोनात नुकसान झाले. त्याच वर्षी ब्रॅड्सबीचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात याच लेथांवर सैन्याच्या एम-१ कार्बाइन बंदुकांचे लाकडी दस्ते घडवले गेले. बड हिलरिच १९४६ पर्यंत हयात होता, म्हणजे पहिली बॅट कातणारा माणूस साठ वर्षे या धंद्यात राहिला. कंपनीने ‘पॉवरबिल्ट’ नावाने गोल्फच्या काठ्या आणि कॅनडात आइस हॉकीच्या स्टिकही बनवल्या. १९७४ साली कारखाना नदीपलीकडे इंडियाना राज्यात गेला, तेव्हा लुईव्हिल नावाची बॅट लुईव्हिलबाहेर बनू लागली. ही विसंगती १९९६ साली संपली आणि कारखाना शहराच्या मेन स्ट्रीटवर परत आला. दाराशी भिंतीला टेकून उभी असलेली १२० फूट उंचीची पोलादी बॅट तेव्हाचीच आहे. ती रूथच्या बॅटीच्या आकारावरून घडवली असून तिचे वजन ६८,००० पौंड आहे. मात्र आत गेल्यावर रूथची १९२७ सालची खरी बॅट आधी पाहावी. तिच्या शिक्क्याभोवती त्याने प्रत्येक होम रनसाठी एक अशा २१ खाचा स्वतः पाडलेल्या आहेत.

प्रश्न : २०२५ मध्ये ‘टॉर्पेडो’ बॅटीची खूप चर्चा झाली. ती नियमात बसते का? – एक वाचक, मुंबई

बसते. मार्च २०२५ च्या अखेरीस न्यूयॉर्क यँकीजने मिलवॉकीविरुद्ध एका सामन्यात नऊ होम रन मारले. त्यांच्यातील काही फलंदाजांच्या हाती ही बॅट होती. नेहमीच्या बॅटीची जाडी टोकाकडे वाढत जाते, तर हिच्यात सर्वांत जाड भाग मुठीकडे थोडा सरकवलेला असतो आणि टोक निमुळते असते. खेळाडू चेंडू बहुधा कुठे मारतो हे मोजून तिथे लाकूड वाढवायचे, अशी कल्पना त्यामागे असून ती मांडणाऱ्यांत पूर्वी भौतिकशास्त्रज्ञ असलेले अ‍ॅरन लीनहार्ट यांचे नाव प्रमुख आहे. जाडी २.६१ इंचांच्या आत आणि बॅट एकसंध लाकडाची असल्याने नियमाचा भंग होत नाही. लुईव्हिलसह बहुतेक बॅट बनवणाऱ्यांनी अशा बॅटी लगेच बाजारात आणल्या. मला त्यात फारसे क्रांतिकारक काही दिसत नाही. प्रत्येक खेळाडूच्या हाताप्रमाणे आकार घडवणे हे काम ही मंडळी शतकाहून अधिक काळ करत आली आहेत, फक्त आता मापे कॅमेरा आणि संगणक देतात.

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनी जुन्या बाजारातून एक लुईव्हिल स्लगर आणून दिली आहे. ती किती जुनी आहे हे कसे ओळखावे? – एक वाचक, नागपूर

शिक्क्याच्या मध्यभागी काय लिहिले आहे ते आधी पाहावे. ‘जे. एफ. हिलरिच’ हे नाव असेल तर बॅट १९१६ च्या आसपासची किंवा त्याआधीची असून ती फार मौल्यवान ठरू शकते. ‘हिलरिच अँड ब्रॅड्सबी’ असेल तर ती त्यानंतरची आणि साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंतची. त्यानंतरच्या बॅटींवर शिक्क्याच्या मध्यात कंपनीऐवजी ‘लुईव्हिल स्लगर’ हेच शब्द येतात. शिक्क्यावर ‘१२५’ हा आकडा असेल तर ते वर्ष किंवा नमुना नव्हे. तो कंपनीच्या वरच्या दर्जाच्या बॅटीचा क्रमांक होता. मुठीच्या गोळ्याच्या टोकावर वर सांगितल्याप्रमाणे अक्षर आणि आकडा कोरलेला असेल तर बॅट खेळाडूसाठी बनवलेली असण्याची शक्यता वाढते. दुकानात विकल्या जाणाऱ्या बॅटींवर तिथे बहुधा नुसता लांबीचा आकडा असतो, उदाहरणार्थ ‘३४’.

बॅट घासून किंवा पॉलिश करून नवी दिसेल असे काही करू नये. चेंडूच्या शिवणीचे ठसे, मुठीवरचा डांबरासारखा राळेचा थर आणि लाकडाचा काळसरपणा यांवरूनच जाणकार तिची ओळख पटवतात. शिक्का आणि मुठीचा गोळा यांची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत आणि बॅट उन्हापासून व ओलाव्यापासून दूर, आडवी ठेवावी.